वाळूतला गाळ



ज्या सरांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याविषयी माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने बोलू शकतील अशी माणसे या सभागृहात बसलेली आहेत. गुणगौरवाचे काम मी त्यांच्याकडे सोपवतो. मी मृदा यामिकीचा, म्हणजे मातीच्या बलाचा आणि वर्तनाचा अभ्यासक आहे. छत्तीस वर्षे हाच एक विषय शिकवला. ‘वाळूतला गाळ’ हे शीर्षक मी कळवले तेव्हा कार्यवाहांनी मोठ्या अदबीने विचारले, ‘‘व्याख्यान ललित स्वरूपाचे आहे काय?’’ तसे ते नाही. या टेबलावर दोन बाटल्या आणि एका बशीत थोडा ओला गाळ ठेवला आहे, एवढ्यावरूनच आपल्या ते ध्यानात यावे.

प्रारंभ सरांपासूनच करतो, कारण विषयाचा उगम तिथेच आहे. १९६१ साली मी या शाळेत सातवीत होतो. गणपतीच्या आधी सर विज्ञानाच्या तासाला आम्हांला मूर्ती करायला बसवीत. शाडू विकत आणावी लागे. आम्ही तिघा मित्रांनी ते पैसे वाचवले आणि विश्वामित्रीच्या काठावरून करडा, मऊ, तळहातावर रेशमासारखा लागणारा गाळ टोपलीभर आणला. दिसायला तो शाडूहून सरस होता. पण मूर्तीला सोंड काही केल्या राहीना. सरांनी शाडूचा गोळा घेतला, पाटीवर तळव्याने वळला, दोऱ्यासारखी लांब वळी झाली. मग आमचा गाळ घेतला. करंगळीएवढी वळी होते न होते तोच तिचे तुकडे पडले. सर म्हणाले, ‘‘ही चिकणमाती नाही रे. ही नुसती बारीक रेती आहे. बारीक झाली म्हणून रेतीची चिकण होत नाही.’’

पुढे कलाभवनात अभियांत्रिकी शिकताना कळले की, पाटीवरची ती वळी म्हणजे अॅटरबर्ग या स्वीडिश शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी सांगितलेली चाचणी आहे. ओली माती ३ मिलिमीटर जाडीच्या दोऱ्याइतकी वळता येते की नाही आणि किती पाण्यावर ती तुटू लागते, यावरून तिची आकार्यता ठरते. सर अॅटरबर्ग वाचून आले होते असे मला वाटत नाही. कुंभाराला आणि मूर्तिकाराला हे ज्ञान हातातूनच असते.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. भूकंपात भक्कम दिसणारी वालुकामय जमीन पाण्यासारखी वाहू लागते. तिच्यावरच्या इमारती कलतात, खचतात. जमिनीला तोंडे फुटून आतून पाणी आणि वाळू उसळते. याला द्रवीभवन म्हणतात. असे का होते, ते समजायला धान्याची पायली पुरे. पायलीत सैल हाताने गहू भरा आणि ती दोनदा जमिनीवर आपटा. धान्य खाली बसते. सैल वाळूही हादऱ्याने अशीच खाली बसू पाहते. कोरडी असेल तर बसते आणि प्रश्न मिटतो. परंतु कणांमधल्या फटी पाण्याने भरलेल्या असतील तर ते पाणी आधी बाहेर पडायला हवे, आणि भूकंपाच्या काही सेकंदांत त्याला तेवढी सवड मिळत नाही. मग वरच्या जमिनीचा आणि घरांचा जो भार एका कणाने दुसऱ्यावर टेकून पेलायचा, तो पाण्यावर येऊन पडतो. कण एकमेकांवर टेकलेले राहत नाहीत आणि वाळूची सारी ताकद तर त्या टेकण्यातच असते. पाण्याला कातरबल नाही. तेवढा काळ जमिनीलाही नसते.

जगाचे लक्ष या गोष्टीकडे गेले ते १६ जून १९६४ च्या जपानमधील नीगाता येथील भूकंपानंतर. चार मजली निवासी इमारती अभंग राहून सबंधच्या सबंध कलंडल्या. त्यांतली एक तर जवळजवळ आडवी झाली. नीगाताची वाळू स्वच्छ होती, नदीने धुतलेली. त्यामुळे पुढची बरीच वर्षे प्रयोगशाळांतून स्वच्छ वाळूवरच संशोधन झाले. निसर्गात मात्र स्वच्छ वाळू क्वचित मिळते. आमच्या शास्त्रात ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे तेराव्या भागाएवढ्या भोकातून, जे खाली पडते त्या सगळ्याला एकच नाव आहे : बारीक कण. चाळणीला गाळ आणि चिकणमाती यांतला भेद कळत नाही. दोन मायक्रॉनपेक्षा लहान ती चिकण, त्याहून मोठा तो गाळ, ही वाटणी नंतर वेगळ्या चाचणीने करावी लागते, आणि तीही फक्त आकाराची असते.

या एका नावाने माझा घात केला. ती हकीकत सांगण्यासाठीच मी आज उभा आहे.

१९८६ साली कच्छच्या आखाताजवळ एका व्यापारी संस्थेला मोठे गोदाम बांधायचे होते. जमिनीच्या तपासणीचे काम माझ्याकडे आले. विंधनछिद्रे घेतली. वरचे काही मीटर चिकणमातीचे, त्याखाली करड्या बारीक वाळूचा जाड थर, आणि पाण्याची पातळी अगदी वर. वाळूत प्रमाण प्रवेशन चाचणी केली. ६३.५ किलोचा घण ७५ सेंटिमीटरवरून सोडत राहायचा आणि नळी ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागतात ते मोजायचे, अशी ही ओबडधोबड पण जगभर चालणारी चाचणी आहे. आम्हांला सात, आठ, नऊ असे आकडे मिळाले. म्हणजे वाळू सैल. कच्छ तर भूकंपाच्या नकाशात सर्वांत धोक्याच्या, पाचव्या विभागात. १८१९ च्या जूनमध्ये याच कच्छात सिंद्रीचा किल्ला पाण्याखाली गेला आणि रणात अल्लाबंद वर आला, हे मी दरवर्षी वर्गात सांगत असे.

तरीही मी अहवालात लिहिले की, वाळूत बारीक कणांचे प्रमाण वीस टक्क्यांहून अधिक असल्याने द्रवीभवनाचा धोका संभवत नाही. आधार दोन होते. त्या वेळच्या भारतीय मानकातला इशारा बुडीत सैल वाळूसाठी आणि ‘एस. पी.’ वर्गाच्या, म्हणजे जिच्यात बारीक कण जवळजवळ नसतात अशा वाळूसाठी होता. आमची वाळू गाळमिश्रित, ‘एस. एम.’ वर्गाची, तेव्हा ती त्या कलमातून सुटली, असा अर्थ मी लावला. सैल वाळू हे शब्द त्याच कलमात होते. ते मी वाचले, पण मनावर घेतले नाहीत. दुसरा आधार अधिक प्रतिष्ठित होता. बर्कलीचे प्राध्यापक बोल्टन सीड आणि त्यांचे सहकारी यांनी १९८५ मध्ये प्रत्यक्ष भूकंपांत द्रवीभूत झालेल्या आणि न झालेल्या जागांची माहिती एका आलेखावर मांडली होती. बारीक कण ५, १५ आणि ३५ टक्के अशा तीन रेषा होत्या. ठोके तेवढेच असतील तर गाळमिश्रित वाळू स्वच्छ वाळूपेक्षा अधिक टिकते, असे त्या सांगत. तो आलेख नुकताच आमच्या ग्रंथालयात आला होता आणि नवे वाचल्याचा आनंद मला झाला होता. मी तीच रेष घेऊन शांतपणे हिशेब केला असता, तर सात-आठ ठोक्यांना गाळाची सवलत देऊनही कच्छच्या मोठ्या भूकंपात ती वाळू टिकणार नाही, असेच उत्तर आले असते. मी हिशेब केला नाही. मला एक वाक्य हवे होते, ते मिळाले.

आमच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या सहायकांनी नमुन्याच्या कागदावर आकार्यतेच्या रकान्यात लिहिले होते : ‘दोरा वळत नाही.’ तो कागद अहवालाला जोडलेला होता. त्यावर माझी सही आहे.

२६ जानेवारी २००१ ची सकाळ आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. पावणेनऊचा सुमार. मी याच मैदानावर झेंडावंदनाला आलो होतो. आधी पाय लटपटले आणि मला वाटले, रक्तदाब. मग मुलांनी इमारतीकडे बोट दाखवले. कच्छात त्या भूकंपाने काय केले ते सांगायला नको. त्याची तीव्रता ७.७ च्या घरात होती आणि हजारो माणसे गेली. त्यातली बहुसंख्य घरे कोसळून गेली, द्रवीभवनाने नव्हे. हे स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण आपापल्या विषयाचे महत्त्व वाढवून सांगण्याची खोड आम्हां मंडळींना असते. पण जमीन पाझरली, फुटली, वाहिली ती विस्तीर्ण प्रदेशात. कोरड्या रणात पाण्याचे प्रवाह दिसू लागले आणि लुप्त सरस्वती परत आली असेही काहींना वाटले. कांडला बंदरातला २२ मीटर उंचीचा कार्यालयीन मनोरा १८ मीटर लांबीच्या ३२ खांबांवर उभा होता; ते खांब चिकणमातीच्या थरातून जाऊन खालच्या वालुकामय थरात टेकलेले होते. मनोरा माथ्याशी सुमारे ३० सेंटिमीटर कलला. चांग, तापर, शिवलखा, फतेहगढ अशी मातीची धरणे पायाखालच्या सैल, गाळयुक्त वाळूच्या थरांनी दगा दिल्यामुळे खचली आणि भेगाळली. अवर्षणामुळे त्या वर्षी जलाशयांत पाणी फारसे नव्हते. दुष्काळाने त्या एका बाबतीत कच्छवर उपकारच केले.

फेब्रुवारीत मी त्या गोदामावर गेलो. मालकांनी बोलावले नव्हते. मधला भाग हातभर खचला होता, एक लांब भिंत दुभंगून बाहेर झुकली होती. प्रजासत्ताक दिनाची सुट्टी होती म्हणून हमाल आत नव्हते. एरवी त्या वेळी तीस-चाळीस माणसे त्या भिंतीच्या आडोशाला बसून चहा घेत, असे चौकीदाराने सांगितले. तो म्हणाला, ‘‘साहेब, हादरे थांबले, मग जमीन उकळायला लागली. भिंत गेली ती नंतर.’’ अंगणात करड्या वाळूचे लहान लहान शंकू पडले होते, मधोमध भोक असलेले. त्यातली वाळू मी या बाटलीत भरून आणली.

‘नंतर’ हा त्याचा शब्द फार मोलाचा होता. स्वच्छ भरड वाळूत साठलेला पाण्याचा दाब लवकर निचरतो. फटींत गाळ असला की वाट अरुंद होते, दाब रेंगाळतो, आणि जमीन हादरे थांबल्यावरही काही काळ निर्बल राहते. ज्या बारीक कणांवर मी भरवसा ठेवला होता, त्यांनीच पाण्याची वाट अडवली होती.

घरी येऊन मी बाटलीतली वाळू चाळली आणि खाली पडलेल्या बारीक कणांचा दोरा वळून पाहिला. तो वळला नाही. उसळून आलेल्या वाळूत गाळाचे प्रमाण मूळ थरातल्यासारखेच असते असे नाही, पाणी त्याची थोडी निवड करते. पण दोरा न वळण्याशी त्याचा संबंध नव्हता.

बारीक कण ताकद वाढवतात की घटवतात, यावर त्या काळात विद्वानांत चांगलीच जुंपली होती. प्रत्यक्ष जागांवरची माहिती म्हणे, वाढवतात. प्रयोगशाळेतल्या त्रिअक्षीय चाचण्यांपैकी बऱ्याच म्हणत, घटवतात. गंमत अशी की, दोन्ही बाजू खऱ्या होत्या. त्या दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देत होत्या.

पुन्हा पायलीकडे जाऊ. गहू भरलेल्या पायलीत वरून रवा ओतला तर तो फटींत जाऊन बसतो. दाणा दाण्याला टेकलेलाच असतो. भार गहूच पेलतो, रवा नुसता जागा अडवतो. परंतु मोजणाऱ्याला पायली अधिक भरलेली दिसते. आता समजा, पोकळ्यांचे एकूण प्रमाण मी तेवढेच ठेवायचे ठरवले आणि रवा वाढवत गेलो, तर त्यासाठी गहू विरळ करावा लागेल. कागदावर घनता तीच, पण सांगाडा कमजोर. प्रयोगशाळेतल्या ‘घटवतात’चे मर्म बव्हंशी हेच. त्यात भर म्हणजे गहू आणि रवा आधीच कालवून सैल हाताने भरले, तर रव्याचे काही कण थेट दोन दाण्यांच्या मध्ये, टेकण्याच्या जागीच अडकतात. हादरा बसला की ते निसटतात आणि दाणे खाली येतात. नदीच्या मुखाशी, खाडीत, संथ पाण्यात गाळ आणि वाळू एकत्र बसते, तेव्हा असा कच्चा सांगाडा तयार होऊ शकतो. रवा वाढत वाढत साधारण पंचवीस ते पस्तीस टक्क्यांच्या आसपास गेला, की गव्हाचे दाणे एकमेकांपासून सुटतात आणि रव्यात तरंगू लागतात. तिथून पुढे तो गव्हाचा प्रश्न राहतच नाही. रवा किती दाबून भरला आहे, याचा होतो. ही मर्यादा प्रत्येक वाळूगणिक थोडी वेगळी येते.

मग जागेवरची माहिती उलट का बोलते? कारण तिथे घनता मोजलेली नसते, ठोके मोजलेले असतात. गाळमिश्रित वाळू अधिक दबते, घणाखाली तिच्यातले पाणीही चटकन हटत नाही, आणि नळी सहज आत जाते. म्हणून दहा ठोके देणारी गाळमिश्रित वाळू ही दहा ठोके देणाऱ्या स्वच्छ वाळूपेक्षा मुळात अधिक घट्ट बसलेली असू शकते. सीड यांच्या रेषा त्या फरकाची भरपाई करतात. गाळ वाळूला बळ देतो असा त्यांचा अर्थ काढणे म्हणजे तापमापक कमी दाखवतो म्हणून ताप उतरला असे मानणे होय. मी नेमके तेच केले होते.

चिकणमातीची गोष्ट निराळी. तिचे कण पत्र्यासारखे चपटे, पाण्याला आणि परस्परांना धरून राहणारे असतात. पुरेशी चिकण असेल तर कण सहजी सुटे होत नाहीत. म्हणून ‘बारीक कण रक्षण करतात’ ही समजूत निराधार नव्हती. ती चिकणीविषयी खरी होती आणि तिचा लाभ गाळाला फुकट मिळत होता. चीनमधल्या १९७० च्या दशकातल्या भूकंपांवरून निघालेल्या नियमातही कणांच्या आकाराला मोठे स्थान होते : ५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण १५ टक्क्यांहून अधिक असले की निश्चिंत. १७ ऑगस्ट १९९९ ला तुर्कस्तानात भूकंप झाला आणि अडापझारी शहरात अशा बारीक, कमी आकार्यतेच्या गाळावरच्या बहुमजली इमारती कलल्या, खचल्या. त्या मातीचा अभ्यास करून ब्रे आणि सँचो यांनी २००६ मध्ये जो निकष मांडला, त्यात कणाच्या आकाराला जागाच ठेवली नाही. आकार्यतेचा अंक १२ पेक्षा कमी, आणि मातीतले पाणी तिच्या द्रव मर्यादेच्या ८५ टक्क्यांहून अधिक, तर धोका. म्हणजे माती चाळून भागत नाही. वळून पाहावी लागते. आपल्या भूकंपविषयक मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत द्रवीभवन तपासण्याची सविस्तर रीत, बारीक कणांच्या दुरुस्तीसह, परिशिष्टात आली.

सर त्या वेळी हयात होते; ऐंशी ओलांडलेले, पण बुद्धी तल्लख. मार्चमध्ये मी त्यांच्याकडे गेलो आणि वर सांगितले ते सगळे, आलेख काढून, सांगितले. त्यांनी मध्ये एकदाही अडवले नाही. शेवटी विचारले, ‘‘अरे, तू दोरा वळून पाहिला होतास का?’’

मी म्हटले, ‘‘सर, पाहिला होता. वळला नव्हता. कागदावर लिहिलेलेही होते.’’

ते बराच वेळ बाटली उजेडाकडे धरून बघत बसले. मग म्हणाले, ‘‘ठीक आहे. अशा किती जागा आहेत?’’

या प्रश्नाची मला धास्ती होती. १९८५ ते १९९५ या काळातले माझे जुने अहवाल मी त्या उन्हाळ्यात काढून पाहिले. अकरा अहवाल वालुकामय जमिनींचे होते. त्यांतल्या तिन्हींत तेच वाक्य, जवळजवळ शब्दशः, होते. तिन्ही मालकांना मी पत्रे लिहिली : माझा निष्कर्ष चुकीचा आहे, जमीन पुन्हा तपासून घ्यावी, तपासणीचे शुल्क मी घेणार नाही. एकाचे उत्तर आलेच नाही. दुसऱ्यांनी लिहिले की, आपले शुल्क १९८८ सालीच चुकते केलेले आहे, कृपया पुन्हा पत्रव्यवहार करू नये. तिसऱ्यांनी बोलावले. त्यांच्या टाकीभोवती आम्ही भरड खडीचे खांब जमिनीत ठोकून घेतले. त्याने वाळू घट्टही होते आणि पाण्याला निघायला वाटही मिळते. पहिल्या जागेवर मी स्वतः जाऊन आलो. तिथे आता दुसरीच इमारत आहे आणि तिच्या पायाचे काय केले, हे दरवानाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

आता ही बशी. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीने आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरांत जो गाळ आणून ठेवला, त्यातला थोडा मी जपून ठेवला होता. विद्यार्थ्यांपैकी एकाने पुढे यावे. ये बाळ. हा ओला गोळा तळहातावर थाप. आता दुसऱ्या हाताने त्या हाताला कडेने टिचक्या मार, भराभर. पाहा, पृष्ठभाग चकाकू लागला. पाणी वर आले आणि गोळा पसरला. आता बोटांनी दाब. चकाकी गेली, गोळा पुन्हा कोरडा आणि टणक. शाडूवर हे होणार नाही, कितीही टिचक्या मारा. तुझ्या तळहातावर आत्ता जे झाले, तेच २००१ साली त्या गोदामाखाली झाले.

या दोन बाटल्या मी शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवून जात आहे. एकीत कच्छची वाळू आहे, दुसरीत शाडू. कच्छच्या बाटलीवर मी जागेचे नाव लिहिलेले नाही. १९८६ च्या त्या चाचणीच्या कागदाची प्रत मात्र चिकटवली आहे, सहीसकट.